मांगरातली फियाट: सेल्फ मारण्याआधी मॅट उचला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेंगुर्ल्याजवळच्या घरी, मांगरात (म्हणजे घराजवळच्या कौलारू शेडमध्ये), आजोबांची १९६८ सालची फियाट ११०० डी ९ वर्षं उभी आहे. टायर बसलेत, बॅटरी नाही, बाकी गाडी ‘दिसायला बरी’ आहे. नवी बॅटरी आणून सेल्फ मारायचा, इंजिन बोललं की रंग काढून घ्यायचा, असा तुमचा बेत. हाताशी पान्यांचा एक सेट आहे, शिकायची तयारी आहे, आणि घरचे म्हणतायत भंगारवाल्याला द्या.

भंगारात देऊ नका. आणि सेल्फही मारू नका.

मी पेशाने मेकॅनिक नाही. कुडाळला माझं औषधांचं दुकान आहे, आता मुलगा बघतो. गेल्या वीसेक वर्षांत दोन फियाट आणि एक पद्मिनी (याच गाडीचं पुढचं रूप) मी घरच्या पडवीत उघडून परत बांधल्या. पहिल्या गाडीच्या वेळी मी नेमकं तुम्हाला करायचंय तेच केलं होतं. ऑइल बदललं, बॅटरी लावली, बायकोला बोलावून घेतलं आणि चावी फिरवली. दोनदा घुर्र झालं, तिसऱ्यांदा ‘टक्’ असा एक कोरडा आवाज आला. मग शांतता. टॅपेट कव्हर उघडून बघितलं तर एक पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणारा दांडा, वाकून धनुष्य झालेला.

झालं असं होतं की गाडी उभी राहते तेव्हा एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडाच राहिलेला असतो. आपल्याकडची हवा चार पावसाळे तिथून आत-बाहेर करते. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटतात आणि व्हॉल्व्हची दांडी गाइडमध्ये घट्ट बसते. सेल्फची मोटर जोरकस असते. तिला काय, ती फिरवतेच. जे सुटत नाही ते वाकतं.

म्हणून चारही प्लग काढा. वायरींना आधी १, २, ३, ४ अशा चिठ्ठ्या बांधा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, पण वायरींची अदलाबदल झाली की डोकं बधीर होतं. इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मं-निम्मं करून प्रत्येक सिलिंडरमध्ये २०-२५ मिली सोडा. मोठी सिरिंज आणि सलाइनच्या नळीचा तुकडा यासाठी उत्तम. आठवडाभर विसरून जा, मग परत थोडं सोडा. त्यानंतर क्रँकच्या पुलीच्या (इंजिनच्या पुढची, सगळ्यात खालची पुली) नटाला रिंग पाना लावून हाताने फिरवून बघा. चाकं मोकळी असतील तर गाडी चौथ्या गिअरला टाकून एकाने मागून हलकेच पुढे-मागे ढकलली तरी चालतं. जोर लावायचा नाही. आज नाही हललं तर पुढच्या आठवड्यात हलेल. फिरलं की टॅपेट कव्हर उघडून आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन परत वर येतात का ते डोळ्यांनी बघा. येत असतील तर कव्हर लावा, प्लग लावा, आणि इंजिनचा विषय काही महिने बंद.

हे ऐकून तुमचा विरस होईल, मला माहीत आहे. माझाही झाला होता. आमच्या गावचे एक म्हातारे डेंटर, ज्यांच्याकडून मी पत्र्याचं काम शिकलो, ते म्हणाले होते, “अरे, इंजिन खंय पळान जातला? पयलो पत्रो बघ.” त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. १०८९ सीसीचं हे इंजिन साधं, दणकट आणि उघडायला सोपं आहे. मुंबईच्या टॅक्सीत ते लाखो किलोमीटर पळालं. कोकणातली जुनी फियाट इंजिनाने मरत नाही, ती खालून मरते.

कारण समजून घ्या. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. फ्लोअर, दारांखालचे पोकळ सिल, चाकांच्या आतले पत्रे, हे सगळं मिळूनच गाडीचा सांगाडा. घाटावर उभ्या गाडीचा पत्रा पावसात भिजतो आणि नंतर वाळतो. किनाऱ्यावर तो वाळतच नाही. हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते यामुळेच. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने गाडीच्या खालच्या खाचाखोचांत मिठाचा थर बसलेला असतो. गाडी कौलाखाली आहे, पावसाचा थेंब लागत नाही, तरी जून ते सप्टेंबर तो थर ओलाच राहतो. ‘मांगरात आहे म्हणजे सुरक्षित आहे’ हा समज त्यामुळे सोडून द्या. बंद, दमट मांगरापेक्षा वारा खेळणारी पडवी कधीही बरी.

आणि आपण लोक त्यात आपल्या परीने भर घालतो. पायाखाली काथ्याची मॅट घालतो. ती पाणी धरून ठेवते. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन चिरलेलं असतं, तिथून पाझरलेलं पाणी डॅशबोर्डच्या आतून उतरून मॅटखाली जातं. सिलच्या आणि दारांच्या तळाला पाणी निघायला भोकं असतात, ती जांभ्याच्या तांबड्या मातीने लिंपली जातात. मग सिल म्हणजे आतून भरलेली पन्हळ.

तेव्हा पहिलं काम: मॅट, नमदा, सीट सगळं बाहेर काढा. एक टोचा आणि एक छोटा हातोडा घ्या. फ्लोअरवर, सिलवर, मागचे पाटे जिथे बॉडीला धरलेत तिथे, डिकीत स्टेपनीच्या जागी, बॅटरीच्या ट्रेखाली, हेडलाइटच्या मागच्या बाजूला, जॅक लावायच्या जागी, सगळीकडे वाजवत जा. चांगला पत्रा ठणठणीत बोलतो. गंजलेला ‘भद्’ करतो, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. भद् आलं तिथे टोचा दाबा. आत गेला की खडूने गोल करा. भीती वाटेल इतके गोल होतील. माझ्या दुसऱ्या गाडीवर ३४ झाले होते.

वरच्या रंगाला फसू नका. फ्रिजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून दारांच्या खालच्या भागावर आणि मडगार्डांवर फिरवा. जिथे ते पकड सोडतं तिथे लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड थर आहे. त्या ३४ गोलांच्या गाडीचं डावं मागचं मडगार्ड असंच होतं. आरशासारखं चमकत होतं आणि चुंबक घसरून खाली पडलं. छिन्नीने हळूहळू उकललं. आधी क्रीम रंग, त्याखाली हिरवा, मग बोटभर लांबी, मग एम-सील. त्याखाली रिव्हेट मारलेला पत्र्याचा तुकडा निघाला. उलटा करून पुसला तर त्यावर डालड्याच्या डब्यावरचं झाड! कोणीतरी चाळीस वर्षांपूर्वी तुपाचा डबा कापून गाडी सांधली होती. हसू आलं. पण काम प्रामाणिक होतं: रिव्हेट सरळ रेषेत होते, आणि डब्याचा पत्रा मूळ पत्र्यापेक्षा चांगल्या अवस्थेत होता. तो तुकडा अजून माझ्या दुकानात काउंटरमागे लावलेला आहे.

खाली शिरण्याआधी एक गोष्ट. गाडी जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नका, आणि आपल्याकडे सर्रास करतात तसे चाकांखाली चिरे लावू नका. जांभा दाबाखाली कधी फुटेल सांगता येत नाही, आणि फुटतो तेव्हा आधी आवाजही करत नाही. वेल्डिंगवाल्याकडून चार लोखंडी घोड्या (गाडीखाली ठेवायचे स्टँड) करून घ्या. हा खर्च टाळायचा नाही.

सगळ्यात आधी खालची बाजू विहिरीच्या गोड्या पाण्याने, प्रेशरने, धुऊन काढा. दोन-तीनदा. नुसता गंज खरवडून वर रंग मारला तर मीठ रंगाखालीच राहतं, आणि वर्षाच्या आत फोड येतात. धुतलं की कडक उन्हात दोन दिवस. नंतर वायर ब्रश, ग्राइंडर. जिथे पत्रा शाबूत आहे पण वरवर गंज आहे तिथे फॉस्फोरिक ॲसिडवालं गंजनाशक लावा, धुवा, वाळवा आणि लगेच इपॉक्सी प्रायमर. नुसत्या रेड ऑक्साइडवर समाधान मानू नका. तो ओल आत जाऊ देतो. खिडकीच्या गजांना ठीक आहे, समुद्राकाठच्या गाडीच्या पोटाला नाही. आणि उघड्या पत्र्यावर थेट लांबी भरू देऊ नका. डेंटर म्हणेल, “साहेब, असंच करतात.” लांबी पाणी पिते. आधी इपॉक्सी, मग त्यावर लांबी, तीही कागदासारखी पातळ.

कापून नवा पत्रा लावायचा ते काम तुम्ही पहिल्या गाडीवर स्वतः करू नये असं माझं मत. सिल तर नाहीच. पण डेंटर करत असताना तिथे बसा आणि चार गोष्टींवर नजर ठेवा. एक, पत्रा सीआरचा (कोल्ड रोल्ड) हवा: फ्लोअरला २० गेज, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, आणि सिल, पाट्यांच्या पकडी अशा वजन घेणाऱ्या जागी १८ गेज. ‘गंजत नाही’ म्हणून कोणी जस्त चढवलेला पत्रा वेल्ड करायला लागला तर थांबवा. त्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो. माझ्या दुकानात तापाची गोळी मागायला आलेले वेल्डर मी पाहिलेत. दोन, सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी पाइप टाके मारून बसवायचा. नाहीतर गाडी मधे खचते आणि मग दारं जन्मात लागत नाहीत. तीन, त्या वेळी वजन चाकांवर किंवा चाकांजवळच्या घोड्यांवर हवं, मधोमध जॅकवर नको, आणि एका वेळी एकच बाजू. चार, पेट्रोलची टाकी गाडीत असता कामा नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते.

वेल्डिंग झाल्यावर पोकळ भागांत आतून मेण फवारून घ्या, आणि पाणी जायची भोकं परत मोकळी करा. विसरतात लोक. पूर्वी मालवणला एका होडीवाल्याने मला सिलमध्ये माशाचं तेल ओतायचा सल्ला दिला होता, होड्यांना लावतात तसं. मी ओतलं. गंज थांबला, खरंच थांबला. पण पुढचे दोन उन्हाळे गाडी जिथे लावीन तिथे गावातली सगळी मांजरं जमायची. काजूच्या टरफलाचं तेल मात्र नको. ते वाशांना वाळवी लागू नये म्हणून ठीक, इथे त्याचा उपयोग नाही आणि हाताची साल जाते.

आता वेळापत्रक, कारण आपल्याकडे ते पंचांगावर चालतं. पत्र्याचं काम दसऱ्यानंतर सुरू करा. रंग डिसेंबर ते फेब्रुवारीत, आणि तोही सकाळी दहा ते दुपारी तीनच्या मधे. पहाटेचं दव पत्र्यावर असतं आणि संध्याकाळी परत हवेत ओल येते. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि रंगावर दुधासारखी साय येते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाला तर हमखास. मे महिन्यात ‘मिरगाच्या आत उरकून टाकू’ असं म्हणणाऱ्या पेंटरला गाडी देऊ नका. पावसाळ्यात टेबलावरची कामं करा: कार्बोरेटर, डायनॅमो, डिस्ट्रिब्यूटर, व्हील सिलिंडर, दारांची कुलपं. जून ते सप्टेंबर मला सगळ्यात आवडतो तो यासाठीच. बाहेर झड लागलेली, पडवीत दिवा, आणि समोर ट्रेमध्ये उघडलेला कार्बोरेटर.

उघडलेल्या भागांचं एक सांगतो, धंद्यातली सवय म्हणून. प्रत्येक ठिकाणचे नट-बोल्ट आणि वायसर वेगळ्या पाकिटात. मी गोळ्यांची कागदी पाकिटं वापरतो. वर लिहायचं: ‘उजवं पुढचं ड्रम, आतल्या बाजूचे, ४’. तारीख पण घाला. मोबाइलवर फोटो तर काढाच, पण फोटोत वायसर बोल्टच्या वर होता की खाली ते कधीच दिसत नाही.

ब्रेकबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण इथे माझी चूक जिवावर बेतली असती. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि त्या काळच्या गाडीला हायड्रॉलिकचं सर्किट एकच. एक नळी फुटली की चारही गेले. ९ वर्षं उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर आत गंजून पिस्टन अडकलेले असणार, हे धरूनच चाला. सगळे उघडा. सिलिंडरला आतून खड्डे असतील तर घासत बसू नका, बदला. मास्टर सिलिंडरचं रबर किट, चारही चाकांची किट, लवचीक नळ्या, हे सगळं नवं. लोखंडी बारीक नळ्या पकडींखाली गंजतात. पकड काढून बघितल्याशिवाय कळत नाही.

माझी चूक अशी झाली की रबरी कप मी पेट्रोलने धुतले. इतकी वर्षं औषधं विकूनही! पेट्रोल, डिझेल, ग्रीस, ऑइल यातलं काहीही ब्रेकच्या रबराला लागलं की रबर फुगतं. ते फक्त ब्रेक फ्लुइडनेच धुवायचं, फार तर स्पिरिटने. गावात पंधरा दिवस गाडी छान चालली. मग आम्ही आंबोलीला गेलो. उतरताना, धबधब्याच्या वरच्या वळणावर, जळका वास आला. फुगलेल्या कपांमुळे ब्रेक सुटतच नव्हते, ड्रम तापत होते. डॉट ३ फ्लुइड नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. माझ्याकडचा डबा वर्षभर अर्धवट उघडा पडलेला होता. फ्लुइड उकळलं, वाफ झाली, आणि पेडल माझ्या पायाखाली लोण्यासारखं तळाला गेलं. सेकंड, मग कसाबसा फर्स्ट, आणि डोंगराच्या बाजूची गटार. मडगार्ड चेपलं, माणसं शाबूत. मक्याची कणसं खाणाऱ्या पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं गाडीचं चित्रीकरण चाललंय.

त्या दिवसापासून फ्लुइडचा लहान सीलबंद डबा आणतो, उरलं तर टाकून देतो, आणि दर दोन पावसाळ्यांनी सगळं फ्लुइड बदलतो. गाडी इंजिनच्या जोरावर पहिल्यांदा हलेल तेव्हा ब्रेक आधी तयार असले पाहिजेत.

पेट्रोलची टाकी खाली उतरवा. आत जुन्या पेट्रोलचं डांबर झालेलं असेल, वासावरून कळेल. ती पूर्ण रिकामी करून, साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, लिंबूफूल म्हणजे सायट्रिक ॲसिडचं पाणी भरा, लिटरला ५० ते १०० ग्रॅम, आणि एक दिवस ठेवा. गंज सुटतो. मग खायच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, मग कडक ऊन. वाळल्यावर लगेच थोडं टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवा, नाहीतर दुपारी साफ केलेली टाकी संध्याकाळपर्यंत परत तांबूस दिसते.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९६८ च्या रबराला ते माहीत नाही. पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या, गॅस्केट मऊ पडतात आणि गरम इंजिनवर ठिबकतात. इथेनॉल चालेल अशाच नळ्या घ्या, पंपाचं किट बदला, आणि आरपार दिसणारा फिल्टर बसवा. इथेनॉल पाणीही ओढतं. फार पाणी मुरलं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं आणि तिथूनच गंज सुरू होतो. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर अर्धी टाकी ठेवू नका. पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी करा. कार्बोरेटर मात्र रिकामाच ठेवा.

एवढं झाल्यावर इंजिन. नवं ऑइल, नवा फिल्टर, प्लगमधून परत थोडं ऑइल, आणि प्लग न लावता सेल्फ. ऑइलचं प्रेशर आलेलं दिसेपर्यंत. मग प्लग लावा. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान, फीलर गेजने. ब्लेडच्या पात्याने अंदाज घेणारे मेकॅनिक असतात, त्यांचं नशीब त्यांच्याबरोबर. चालू झालं आणि गरम झालं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडरांतला फरक बघा. तो दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उघडू नका. “उघडलंच आहे तर बोरिंग करून टाकू” म्हणणारे पुष्कळ भेटतील. बोरिंग म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणं. मूळ ६८ मिलिमीटरचा बोर (सिलिंडरचा आतला व्यास) शिल्लक असेल तर तो ठेवण्यात शहाणपण आहे. एकदा बोरिंग झालं की पुढच्या मापाचे पिस्टन शोधणं आलं. खरंच गरज पडली तर ब्लॉक आणि क्रँक फोंडा घाटातून कोल्हापूरला, उद्यमनगरात न्या. तिथे हे काम पिढ्यान् पिढ्या चालतं. पण मापं आपण मोजून, लिहून न्यायची, आणि परत घेताना समोर मोजून घ्यायची.

वायरिंगचं थोडक्यात. निम्मे दोष अर्थिंगचे असतात, कारण गाडीत अर्थिंग म्हणजे बॉडी आणि बॉडी गंजलेली. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाड नव्या पट्ट्या टाका, टोकं घासून. उंदरांनी कुरतडलेली वायर टेप मारून वापरू नका.

सुटे भाग मिळतात. मुंबईची टॅक्सी वर्षानुवर्षं हीच गाडी होती, शेवटची नोंदणीकृत काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेकचं बरंचसं पद्मिनीचं चालतं. कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्याचा जुना बाजार, तिथे जुना भाग हातात घेऊन जा, नावाने मागू नका. पुढची जाळी, दिव्यांच्या कडा, बॅज मात्र ११०० डी चे वेगळे. ते मोडके असले तरी फेकू नका, क्रोम परत चढवता येतो. माझ्या वहीप्रमाणे पहिल्या गाडीचा निम्म्याहून जास्त खर्च पत्रा आणि रंग यावरच झाला, इंजिनवर पाव हिस्साही नाही. तुमचंही तसंच होईल असं धरा.

कागदांकडे आताच बघा, गाडी तयार झाल्यावर नको. आरसी आजोबांच्या नावावर असेल. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, घरातल्या बाकी वारसांची संमती लागते. काका-आत्या मुंबईला असतील तर गणपतीत सगळे घरी येतात तेव्हाच सह्या घ्या. नोंदणीची मुदत संपलेली असणार, तिचं नूतनीकरण फॉर्म २५ वर, आणि त्यासाठी गाडी आरटीओसमोर चालत्या अवस्थेत उभी करावी लागते. तुमची गाडी ५० वर्षांहून जुनी, त्यामुळे २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणूनही नोंदवता येईल: १० वर्षांची नोंदणी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. ऐकायला भारदस्त वाटतं, पण तशी नोंदवलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. तुम्हाला आईला घेऊन शनिवारी बाजारात जायचं असेल तर साधं नूतनीकरण करा.

सध्या बॅटरी आणू नका. या रविवारी प्लग काढून ऑइल सोडा, मॅट आणि सीट बाहेर काढून उन्हात टाका, आणि टोचा घेऊन बसा. खडूचे गोल किती झाले आणि त्यातले किती सिलवर आहेत, ते कळवा. सिलवरचे दहाच्या आत असतील तर दसऱ्याला कामाला लागू. जास्त असतील तर डेंटरला दाखवायला मी स्वतः वेंगुर्ल्याला येतो.